पायी आलेला कायदा

देवरावभाऊ झाडे गावात शिरले की कुत्री गप्प बसायची आणि माणसं भुंकायला लागायची. हे माझं नाही, त्यांचंच म्हणणं. ते आमच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टातून निघालेला समन्स, नोटीस, हुकूम ज्याच्या नावाचा असेल त्याच्या गावी जाऊन त्याच्या हातात द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि परत येऊन बजावणी कशी झाली त्याचा रिपोर्ट लिहायचा, हे बेलिफाचं काम. मी त्याच कोर्टात नाझर विभागात लिपिक. जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा आणि आलेला रिपोर्ट फाइलला लावायचा, हे माझं. कोर्ट वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्या तालुक्याचं ते सांगत नाही. त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला रोज त्यांच्याच सोबत डबा खायचा आहे.

देवरावभाऊ ठेंगणे, उन्हानं रापलेले, आणि डोक्यावर कायम हेल्मेट. म्हणजे गाडीवर असतं तसं पायी चालतानाही. स्टँडला मोटारसायकल लावून, पायऱ्या चढून, माझ्या टेबलासमोर उभे राहिले तरी ते डोक्यावरच. नवी होते तेव्हा मी म्हटलं, “काकाजी, इथं आत अपघात नाही होत.”

ते म्हणाले, “हातात धरलं तं पडते ताई. गाडीले अडकवलं तं पोट्टे नेतेत. डोक्स्यावर ठेवलं तं राह्यते.”

पुढे मलाही त्याची सवय झाली. हेल्मेटशिवाय ते दिसले तर आजारी आहेत की काय असं वाटायचं.

त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. कोर्टात मत असण्याचा अधिकार न्यायाधीशांना, बाकीच्यांना नुसती तारीख असते; पण देवरावभाऊंना हे कोणी सांगितलं नव्हतं. सरकारी योजनांबद्दल ते म्हणायचे, “ज्यानं योजना काहाडली ना, त्यानं एकदा तिचा फारम भरून पाहावं. सोताच्या नावानं नाई. त्याच्या घरी भांडे घासते त्या बाईच्या नावानं. अन् सायेब म्हून नाई, रांगेत उभं राहून.” परीक्षा बंद करा असं ते सोमवारी म्हणायचे आणि बुधवारी एखाद्या बीए झालेल्या पोराला अर्ज लिहिता आला नाही की, परीक्षा बंद केल्या म्हणूनच हे झालं, असं म्हणायचे. मी सोमवारची आठवण दिली तर म्हणायचे, “तवा गरमी होती.”

एकदा कोणीतरी मोबाइलकडून लिहून घेतलेला अर्ज आमच्याकडे आला. शेताच्या रस्त्याचा वाद होता. भाषा इतकी गुळगुळीत की वाचताना घसरायला व्हावं. सगळं ऑफिस थक्क झालं. देवरावभाऊंनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

“लय मस्त लिवलं,” ते म्हणाले. “पन याले राग नाई आला.”

“कुणाला?”

“लिवनाऱ्याले. ज्याचा रस्ता अडवला, ज्याची बैलगाडी दोन साल झाले फिरून जाऊन राह्यली, त्याच्या अर्जात कुठंतरी राग दिसला पाह्यजे का नाई? हा तं लग्नाची पत्रिका लिवल्यासारखा लिवला.”

तंत्रज्ञानाच्या नावानं बोटं मोडणारा म्हातारा असं मात्र त्यांना कोणी समजू नये. कोर्टानं बेलिफांसाठी नवं ॲप आणलं तेव्हा आमच्यात ते सगळ्यात आधी शिकले. समन्स दिला की तिथेच मोबाइलवर फोटो काढायचा. ठिकाण, तारीख, वेळ सगळं आपोआप त्यावर उमटतं आणि जागेवरून कोर्टात पोचतं. त्यांना याचं भारी कौतुक. पूर्वी आम्ही ऑफिसात बसून म्हणायचो, देवरावभाऊ खरंच गेले होते की नाक्यावरच्या हॉटेलात आलूबोंडा खाऊन परत आले. आता आमची तोंडं बंद झाली म्हणून ते खूश होते. पॉवर बँक घेतली, गाडीला मोबाइल अडकवायचा स्टँड लावला, आणि नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली की तिच्याशी वाद घालायचे, कारण उजवीकडे नाला असायचा.

त्यांचा खरा झगडा होता तो मोबाइलवरून समन्स पाठवण्याच्या गोष्टीशी. तशी चर्चा वाढत होती, काही कागद जायलाही लागले होते. आमच्या विभागाचे प्रमुख, नाझर साहेब, नव्या गोष्टींचे भोक्ते. दोन निळ्या खुणा दिसल्या की बजावणी झाली, असं ते म्हणायचे.

देवरावभाऊ म्हणायचे, “साहेब, निया खुना दिसल्या म्हंजे काचेले बोट लागलं. मानसाले समजलं असं नाई. अन् नाई समजलं तं थो मोबाइलले इचारन का, बावा, मले काऊन बोलावलं म्हून?”

“मग काय करायचं? प्रत्येक गावात माणूस पाठवायचा?”

“आतापावतर कोन जाऊन राह्यला?”

नाझर साहेब हसून सोडून द्यायचे. त्यांनाही ठाऊक होतं की देवरावभाऊंची पद्धत वेगळी आहे. इतर बेलिफ कागद द्यायचे, सही घ्यायचे आणि निघायचे. हे कागद द्यायच्या आधी त्या माणसाचं जेवण होऊ द्यायचे. गावात शिरल्यावर घर शोधायचं, आत ताटं मांडलेली दिसली तर समोरच्या झाडाखाली बसून राहायचं. “समन्स वाचल्यावर घास जात नाई,” हे त्यांचं साधं कारण. मग हात धुवून तो माणूस बाहेर आला की कागद त्याच्या हाती द्यायचा आणि वऱ्हाडीत पूर्ण समजावून सांगायचा: कोणी बोलावलं, कुठं, कधी, कशासाठी. “हा गुन्हा नाई झाला. बोलावनं आलं. गेला नाई तं तुमच्या मागून तुमचा फैसला होते, म्हून जाजो.” त्या शेवटच्या वाक्यासाठी ते गाव गाव हिंडले असं म्हटलं तरी चालेल. न जाणाऱ्याविरुद्ध जो एकतर्फी हुकूम होतो, त्याची त्यांना मनापासून चीड होती.

आणि एक नेम होता. ज्या गावात कागद द्यायचा त्या गावात ते कोणाच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. गाडीला ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली टांगलेली असायची. वर्ध्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको की दुपारी बारानंतर त्या बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता. पण ते तेच प्यायचे. “पानी पेलं की मानूस त्याचा होते,” ते म्हणायचे, “मंग दुसऱ्याचं कायले ऐकते?” मला हा नेम जरा नाटकी वाटायचा. तसं मी बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

शिक्षणावरचं त्यांचं मत एका वाक्यात संपायचं. शाळेत फुलाचे भाग शिकवतात, राष्ट्रपतीची मुदत शिकवतात, आणि घरी आलेला कागद कसा वाचायचा ते शिकवत नाहीत. हे मत नुसतं ठेवून बसणारा माणूस नव्हता तो. आडवाटेच्या एका गावात कागद द्यायला गेले असताना शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांनी सातवीच्या वर्गाचा एक तास मागून घेतला. मला ते नंतर कळलं, कारण त्यासाठी त्यांनी माझ्याकडून कोऱ्या समन्सच्या दहा झेरॉक्स नेल्या होत्या आणि त्या कशाला हव्यात ते सांगितलं नव्हतं. मी नाझर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

“पोरायले इचारलं,” ते दुसऱ्या दिवशी सांगत होते, “का हा कागद घरी आला तं काय करान? एक म्हने, फाडून टाकू. एक म्हने, मामाले दाखवू. एक म्हने, आबा लपतेत. खरं सांगतो ताई, सात वर्ष शाळा शिकून पोरगं म्हनते, आबा लपतेत!”

“मग?”

“मंग शिकवलं. तारीख कुठं असते, कोर्टाचं नाव कुठं असते. एका पोरीनं हात वर केला. मले म्हने, काका, न्यायाधीशाले समन्स कोन देते?”

“तुम्ही काय सांगितलं?”

ते हसायला लागले. हेल्मेट हलायला लागलं. “काय सांगू? मले काय मालूम! म्हटलं, बाई, तू वकील होजो.” तो प्रश्न त्यांनी पुढचे दोन महिने दिसेल त्याला ऐकवला. वकिलांच्या खोलीत, टपरीवर, एकदा खुद्द न्यायाधीश साहेबांच्या ड्रायव्हरला. उत्तरापेक्षा प्रश्नच त्यांना इतका आवडला होता.

आता सुशीलाबाईचं सांगते. त्याच्याशिवाय देवरावभाऊ म्हणजे एक मजेदार म्हातारा, एवढंच होईल, आणि ते खरं नाही.

सुशीलाबाई आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी, पन्नाशीची विधवा. बापाच्या जमिनीतला तीन एकराचा तुकडा तिच्या नावावर होता. तो तिनं तोंडी सोडून दिला आहे, असा दावा तिच्या भावानं आमच्या कोर्टात लावला. समन्स निघाला, देवरावभाऊ तो घेऊन गेले, आणि रिपोर्ट आला: बाई घरात आहे, समन्स घेण्यास नकार देते, बाहेरून कुलूप लावून आत लपली आहे, सबब समन्स पंचासमक्ष दारावर डकवला. सोबत ॲपवरचा फोटो. दार, कुलूप, डकवलेला कागद, तारीख, वेळ, ठिकाण. मीच तो फाइलला लावला होता. बाई तारखेवर आली नाही आणि तिच्या मागून तिचा फैसला झाला. तीन एकर भावाचे.

वर्षभरानं ती तलाठ्याकडे सातबारा काढायला गेली तेव्हा तिला कळलं की त्यावर आता आपलं नाव नाही. मग ती कोर्टात आली. तिच्या वकिलानं अर्ज केला की समन्स बाईला मिळालाच नाही. त्या आठवड्यात ती सेवाग्रामच्या दवाखान्यात मुलीच्या बाळंतपणासाठी होती. म्हणून एकतर्फी हुकूम रद्द करावा. समन्स नीट बजावला गेला की नाही, सगळं त्यावर होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस एकच. बेलिफ देवराव झाडे यांना साक्षीला बोलावलं गेलं.

साक्षीचा समन्स माझ्याच टेबलावरून गेला. त्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी हेल्मेट काढलं. मी घाबरले.

“ते दार मले आठवते,” ते म्हणाले. “मी चुकलो वो ताई.”

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. मी हळू आवाजात त्यांना जे सांगितलं ते कधीच कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगते. मी म्हटलं, “काकाजी, चार महिन्यांनी तुम्ही रिटायर होता. साक्षीत आठवत नाही म्हणा. एवढ्या कागदांमधला एक कागद कोणाला आठवतो? रिपोर्ट आहे, फोटो आहे. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.”

खरंच नसतं म्हटलं. ‘आठवत नाही’ हे कोर्टातलं सगळ्यात सुरक्षित वाक्य आहे. त्यात खोटं पकडता येत नाही. आणि ते न म्हणता खरं सांगितलं तर खोटा रिपोर्ट दिल्याची चौकशी, पेन्शन अडकलेली, पस्तीस वर्षांच्या नोकरीवर शेवटच्या पानाला डाग. माझा जीव त्यांच्यासाठी तुटत होता. सुशीलाबाईचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही, हेही कबूल करते.

ते उठले आणि हेल्मेट घालून गेले.

साक्षीच्या दिवशी मी काही कारण काढून कोर्ट हॉलमध्ये मागे जाऊन उभी राहिले. सुशीलाबाई पहिल्या बाकावर पदर घेऊन बसली होती. तिला सगळं समजत होतं की नाही कोणास ठाऊक, पण नजर पिंजऱ्यातल्या देवरावभाऊंवर खिळलेली होती. भावाच्या वकिलांनी फोटोची प्रत देवरावभाऊंच्या हाती दिली.

“हे दार याच बाईच्या घराचं आहे?”

“हो जी.”

“कुलूप दिसतंय? तारीख, वेळ, ठिकाण बरोबर?”

“सगळं बरोबर हाय.”

“म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबर आहे.”

“नाई साहेब. फोटो बरोबर हाय. रिपोर्ट चूक हाय.”

टाइप करणारीची बोटं थांबली. न्यायाधीश साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, “बाई आत लपली आहे असं तुम्ही लिहिलं. तुम्ही तिला पाहिलं होतं?”

“नाई.”

“मग कशावरून लिहिलं?”

देवरावभाऊंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. “पानी पेलो साहेब,” ते म्हणाले.

मागच्या बाकांवर हशा झाला. साहेबांनी हात वर करून तो थांबवला आणि म्हणाले, नीट सांगा.

मग त्यांनी सांगितलं. मे महिना होता. सकाळपासून तिसरं गाव. बाटली संपली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सुशीलाबाईच्या घराला कुलूप. समोरच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, त्यानं हात धरून सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, वरून कैरीचं पन्हं दिलं. गोड बोलला. म्हणाला, ती बाई आतच आहे, तुम्हाला येताना पाहिलं आणि मागच्या दारानं आत शिरली, बाहेरून पोरीकडून कुलूप लावून घेतलं, नेहमीचंच आहे तिचं. देवरावभाऊंचा नेम असा की कुलूप असेल तर दोनदा तीनदा यायचं, मागचं दार पाहायचं, चार जणांना विचारायचं. त्यांनी काही विचारलं नाही. मागे जाऊन पाहिलंही नाही. त्याच माणसाला पंच म्हणून सही करायला लावली, कागद डकवला, फोटो काढला आणि निघाले. तो माणूस बाईच्या भावाचा साळा निघाला. ते त्यांना समजलं तेव्हा हुकूम होऊन गेला होता.

“समजलं तेव्हा तुम्ही कोर्टाला का सांगितलं नाही?” साहेबांनी विचारलं. या प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं.

“भ्यालो,” देवरावभाऊ म्हणाले. “मोबाइलमंधी सगळं बरोबर दिसत होतं. वाटलं, कोन इचारते. ही बाई आली नसती तं मी सांगतलं नसतं साहेब. हे बी लिवून घ्या.”

ते लिहून घेतलं गेलं. मी हॉलमधून बाहेर आले आणि बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मला त्यांचा राग आला होता. एवढं सांगायची काही गरज नव्हती, शेवटचं वाक्य तरी गिळायचं होतं, असं मला वाटत होतं. आजही कधी कधी वाटतं.

एकतर्फी हुकूम रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि सुशीलाबाई तारखेला येऊ लागली. कोर्टाच्या आवारात ती देवरावभाऊंशी बोलली नाही. ते समोरून आले की ती दुसरीकडे पाहायची. देवरावभाऊंनी त्यावर एकदाच मत दिलं: “बरोबर हाय तिचं.”

त्यांची रिटायरमेंट एप्रिलच्या शेवटच्या तारखेला होती. आम्ही हार, शाल, नारळ आणि त्यांच्यासाठी चांगलं नवं हेल्मेट असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात सोमवारी वरून एक लिफाफा आला. देवराव झाडे, बेलिफ, यांना खोट्या अहवालाबद्दल कारणे दाखवा नोटीस. सोबत माझ्यासाठी ओळ: सदर नोटीस संबंधितांस बजावून पोच सादर करावी.

मी लिफाफा घेऊन नाझर साहेबांकडे गेले. साहेब चांगला माणूस. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढून डोळे चोळले आणि दार बंद आहे ना ते पाहिलं.

“गुरुवारी ते रिटायर होतात,” ते म्हणाले. “त्यानंतर ही बजावली तर तिच्यातला जीव जातो. पुढे कुणाची परवानगी घ्या, फाइल चालवा, कोण एवढं करतो? ते दौऱ्यावर आहेत. तुम्हाला भेटले नाहीत. टेबलावर कागद राहून जातो कधी कधी, काय?”

मला हायसं वाटलं. मी लिफाफा साठा रजिस्टरखाली ठेवला. सोमवार, मंगळवार देवरावभाऊ खरोखरच बाहेर होते. बुधवारी दुपारी मी डबा उघडला होता, तेव्हा ते समोर येऊन उभे राहिले. हेल्मेटसकट.

“जेवून घे,” ते म्हणाले. “मी बसतो.”

मी जेवले. घास जात नव्हता. त्यांनी डबा बंद होईपर्यंत वाट पाहिली.

“माया नावाचा कागद हाय ना तुयाजवळ?”

“कसला कागद?”

“ताई, तुले खोटं बोलता येत नाई. नको करू.”

मला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. कोर्टात भिंती सांगतात. मी म्हटलं, “काकाजी, उद्याचा दिवस जाऊ द्या जी. फक्त उद्याचा. परवा मी स्वतः घरी आणून देते. तुम्ही साक्षीत खरं सांगितलं, झालं ना? त्या बाईला न्याय मिळाला. आता तुमच्या म्हातारपणी कोणाचं काय अडलंय?”

“परवा आणून देशीन तं तारीख कोनती टाकशीन?”

मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

“आज मी भेटलो नाई असं लिवशीन. अन् मी तं तुयापुढं बसून हावो.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तिच्या दारात मी घाई केली. मायासाठी तू उशीर करून राह्यली. रिपोर्ट तं दोन्हीकडं खोटाच झाला ना? मले वाटलं, म्या केलं ते निस्तरलं. आता तुया हातून तेच करून घेऊ का मी?”

“चौकशी लागेल काकाजी. पेन्शन अडकेल.”

“अडकन.”

“काकूंना काय सांगाल?”

इथे ते पहिल्यांदा अडखळले. “तिले सांगतलं काल,” ते म्हणाले. “दोन दिवस बोलनार नाई ते माह्याशी. मंग बोलन.” आणि त्यांनी हात पुढे केला. “घर सापडलं, मानूस सापडला. बजाव आता.”

मी रजिस्टर उचललं. लिफाफा काढला. अकरा वर्षांत मी हजारो कागदांवर नंबर टाकले असतील, पण कोणाच्या हातात कागद दिला नव्हता. ते माझं काम नव्हतं. मी लिफाफा पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पोचेच्या प्रतीवर त्यांनी सही केली, तारीख घातली, मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ घातली, आणि ती प्रत माझ्याकडे वळवून दिली.

“तुयी सही राह्यली,” ते म्हणाले. “देनाऱ्याची बी लागते.”

मी सही केली.

चौकशी झाली. त्यांची पेन्शन दीड वर्ष अडकली आणि शेवटी ठपका ठेवून सुटली. सुशीलाबाईविरुद्धचा दावा अजून चालू आहे. गुरुवारचा निरोप समारंभही झाला, नाझर साहेब भाषणात फार काही बोलू शकले नाहीत, आणि नवं हेल्मेट देवरावभाऊंनी तिथल्या तिथे डोक्यावर घातलं तेव्हा सगळे हसले. पण मला ते आठवतात ते त्या बुधवारचेच.

नोटीस घेऊन ते बाहेर व्हरांड्यात गेले. मला वाटलं, गाडीकडे जातील. ते गेले नाहीत. पक्षकार बसतात त्या लांब बाकावर, एका शेतकरी जोडप्याशेजारी थोडी जागा होती, तिथे बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. चष्मा लावला. लिफाफ्यातून नोटीस काढली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मी खिडकीतून पाहत होते. पहिलं पान झालं, दुसरं झालं. दुसरं पान संपल्यावर ते तसेच बसून राहिले, तोंड किंचित उघडं. मग त्यांनी कागद उलटा करून मागे काही लिहिलं आहे का ते पाहिलं. मागे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिलं पान वर घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मी दोनदा उठले, दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. कोणी बोलावलं, कशासाठी, हे गावोगाव सांगणाऱ्या माणसाला त्याचाच कागद मी काय समजावणार होते? कागदावर माझी सही होती. एवढ्यात आतून पुकारा झाला, शेजारचं जोडपं घाईनं उठून आत गेलं, आणि रिकाम्या बाकावर ते एकटे वाचत बसले.